मावशीचं भात कुठल्या डेटाबेसात सापडेल?

मंडळी, आज मुरबाडला निघालेलो, पण शहापुरातच मित्राकडे अडकलो. तो गावोगावच्या भातबियाण्यांची कॉम्प्युटरवर नोंद ठेवतो.

तिथं आलेल्या एका शेतकरी मावशीचं लाल भाताचं बी उंदरांनी संपवलेलं. "दुसऱ्या गावात कुनाकडं हाय का बघ रे!"

मित्राचा डेटाबेस रिलेशनल, म्हणजे एकमेकांना जोडलेले तक्ते. नाव टाकलं, काहीच नाय. मावशी हसली, "अरे, गावागणिक नाव बदलतं!" मग रंग आणि पिकायचे दिवस टाकले. हजारो नोंदींतून लगेच तीन गावं निघाली.

"माझं वासाचं होतं, यातलं वासाचं कुठलं?" मावशीनं विचारलं.

वासाचा रकानाच नव्हता. मित्र म्हणाला, ऑब्जेक्ट डेटाबेसात एकेका बियाण्याचं सगळं, अगदी वाससुद्धा, एकत्र ठेवता येतं, पण सगळ्यांतून असं शोधणं जड जातं.

आता मावशी तिन्ही गावांत भात शिजवून बघणार. मीपण सोबत निघालोय. तुमी कुठला डेटाबेस निवडला असता?