जिनोआपर्यंत पावणेदोन तास

शामकांतरावांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अंतर सागरी मैलांत मोजायची खोड काही सुटेना. बिशानच्या फ्लॅटपासून एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन किती लांब, असं कुणी विचारलं तरी हे सांगणार, पाव मैल, सागरी. जहाजांच्या इंजिनरूममध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला कोण समजावणार?

त्यांच्या लेखी जगात सगळ्यात सुंदर अंतर एकच होतं. रॉटरडॅम ते जिनोआ, बावीसशे मैल, आठ दिवस. बायको, जया, एकदाच त्यांच्याबरोबर जहाजावर आली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तीही याच फेरीला. बिस्केच्या उपसागरातल्या लाटा, मग संध्याकाळच्या उन्हात गुलाबी झालेला जिब्राल्टरचा खडक आणि डेकवर उभे दोघं. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायची. लेकीला, कस्तुरीला, ती तोंडपाठ होती.

म्हणून एका शनिवारी तिने बेत मांडला. लग्नाच्या वाढदिवसाला आईबाबांनी पुन्हा तिथे जाऊन यावं.

"रॉटरडॅमच्या जवळच्याच ॲमस्टरडॅमहून जिनोआला डायरेक्ट फ्लाइट आहे, बाबा. सव्वानऊशे किलोमीटर, पावणेदोन तास ओन्ली. इझी ला," ती इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली.

शामकांतराव उखडलेच. "आठ दिवसांचा रस्ता पावणेदोन तासांत? त्याला काय प्रवास म्हणतात? आमच्या त्या आठ दिवसांची सर येणार आहे का त्याला? मुळीच तिकीट काढू नकोस."

जया कोथिंबीर निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला जायचंय."

"अगं, पण तूच तर आलीस तेव्हा..."

"आले होते ना. बारा ते चार तुमची ड्यूटी, दुपारीही आणि रात्रीही. उरलेल्या वेळात तो जनरेटर बिघडलेला. वर यायचात ते डिझेलच्या वासाचे, आणि जेवता जेवता झोपायचात. आठ दिवस मी त्या केबिनमध्ये उलट्या काढत एकटी होते."

"आणि जिब्राल्टर?"

"मी एकटीने पाहिलं. तुम्ही खाली होतात. तुम्हाला नंतर सांगितलं, खडक गुलाबी दिसत होता म्हणून."

शामकांतराव आठवायला लागले. गुलाबी खडक डोळ्यांसमोर आला, जयाची निळी साडीही आली, पण आपण तिच्या शेजारी कुठे उभे होतो, ते काही केल्या आठवेना. पस्तीस वर्षं त्यांनी बायकोची आठवण आपली म्हणून सांगितली होती, आणि ती बिचारी दर वेळी पाहुण्यांना पोहे देत गप्प बसली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याच जिनोआला एकदा तुम्ही माझ्याजवळ बसून यावं," जया म्हणाली. "इथून ॲमस्टरडॅमपर्यंत तुम्ही गोळी घेऊन घोरणारच, ते तेरा तास मी धरतच नाही. पुढचे पावणेदोन तास तेवढे जागे राहा. मला पुरे आहेत."

मग शामकांतरावांनी खुर्ची लेकीच्या लॅपटॉपजवळ ओढली.

"कस्तुरी," ते हळूच म्हणाले, "याहून सावकाश जाणारं एखादं विमान मिळेल का गं?"