पत्र्याच्या कोठीतलं कोदो

ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावच्या पुढे, जंगलात सहरिया आदिवासींची एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या बायकांसोबत आमच्या संस्थेने बियाण्याची सामायिक कोठी सुरू केली होती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की रेशनचं धान्य पोचत नाही, तेव्हा त्यांच्याच बियाण्यातून पिकलेलं कोदो, म्हणजे कोद्र्याचं भरडधान्य, त्यांच्या हातात असावं, एवढाच हेतू होता. सगळ्या घरांनी आपापलं बी आणून पत्र्याच्या कोठीत ओतलं. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली होती, अजून दोन दिवस ऊन दाखवू. पण दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातली मंडळी कोठी पाहायला येणार होती. मी घाई केली आणि झाकण लावून घेतलं.

जूनमध्ये कोठी उघडली तर कुबट वास आला. मी मूठभर बी रुमालात बांधून घरी आणलं, ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात. ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलं आणि दिवसातून दहादा उघडून बघत राहिले. नवऱ्याने विचारलं, "इतकी परेशान का आहेस?" मी फडकं पुन्हा गुंडाळून ठेवलं. नऊ घरांचं बी माझ्या शब्दावर एका डब्यात गेलं होतं. पाचव्या दिवशी जेमतेम चार-पाच दाण्यांना मोड दिसले. बाकीच्यांवर बुरशी होती.

बसमध्ये वाक्यं जुळवत गेले, पण वस्तीत पोचल्यावर एवढंच म्हणता आलं की बी खराब झालंय आणि चूक माझी आहे.

मग म्हातारी उठली. झोपडीतून तिने दोन वाळके भोपळे आणले, तोंडं शेणाने लिंपलेली. आत राखेत मिसळलेलं कोदो होतं, कोरडं, खुळखुळणारं. तिने तिच्या हिंदीत सांगितलं, "तुझ्यावर अविश्वास नव्हता बाई. पण सगळं बी आम्ही कुणाच्याच हाती देत नाही."

ते बी तिने ओंजळीओंजळीने वाटलं. सहा घरांना पुरलं, तीन घरांना नाही. त्या घरांतल्या तिघींनी खायचं धान्य विकून बाजारातला मका आणून पेरला.

पाऊस सुरू झाला, रस्ता बंद झाला. पुढचे अठरा दिवस मी ग्वाल्हेरमध्ये बसून फक्त त्या तीन घरांचा विचार करत होते. रस्ता सुटल्यावर पहिल्या बसने गेले. सहा घरांनी आपलं जुनं धान्य त्या तिघींबरोबर वाटून खाल्लं होतं. म्हातारी कोठी उन्हात आडवी पाडून पुसत होती. तिने मला फडकं दिलं आणि आतून पुसायला सांगितलं.