ओटीच्या पिशवीतली बाटली

गेल्या नवरात्रात डोंगरावरच्या देवीला अनवाणी जायचं मी ठरवलं, तेव्हा घरातल्यांना वाटलं की माझी श्रद्धा फार मोठी आहे. खरं सांगायचं तर श्रद्धेपेक्षा भीतीच जास्त होती. साखर काही केल्या खाली येत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या, आता इंजेक्शनवर जावं लागेल असंही ते बोलून गेले होते. गोड खाता का, असं त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणाले. चहा बिनसाखरेचा घेते म्हणाले. दोन्ही खरंच होतं. मग त्यांनी कोल्ड्रिंकचं विचारलं, तर शेजारी बसलेला माझा मुलगाच म्हणाला, "ते तर आईनं कधीच सोडलं." मी नुसती मान हलवली. डॉक्टर बिचारे बुचकळ्यात पडून पुन्हा रिपोर्ट बघत बसले आणि मी त्यांच्या टेबलावरच्या गणपतीकडे बघण्याचं टाळत राहिले.

मुठा गावात रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान आहे. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी मंडळी बर्फ, वेफर्स आणि कोल्ड्रिंक न्यायला थांबतात. आमचे हे शेताकडे असतात, मुलगा उरवड्याला कंपनीत जातो, सुनेचं बाळ तान्हं, म्हणून दुकानात मीच बसायची. फ्रीज माझ्या कोपराशी. सुरुवात झाली ती करपट ढेकरांपासून. दुपारी जेवल्यावर छातीत जळजळायचं, मग अर्धी बाटली प्यायले की मोठा ढेकर यायचा आणि बरं वाटायचं. थोड्या वेळानं पुन्हा जळजळ, पुन्हा बाटली. पुढे जळजळ नसली तरी हात फ्रीजकडे जायला लागला. सकाळी डोकं जड असलं की थंडा, गिऱ्हाईक नसलं की थंडा, एकादशीला तर उपवासाला चालतं म्हणून जास्तच. साखर निघाल्यावर मुलानं मला देवापुढे शपथ घ्यायला लावली. मी ती घेतली, आणि चार दिवसांतच स्टीलच्या पेल्यात ओतून प्यायला लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई पाणी पितेय. रिकाम्या बाटल्या गिऱ्हाइकांनी टाकलेल्या बाटल्यांत जायच्या. माझं कुणाला कळणार?

आमचं घर देवाधर्माचं. दारूच्या नादी लागलेल्या एका पुतण्याला मीच देवीच्या पायावर हात ठेवायला लावलं होतं. त्याला चार शब्द ऐकवताना माझ्याजवळचा पेला अजून थंड होता.

तर अशी मी, देवीकडे साखर कमी कर म्हणून मागायला निघाले. बरोबर थोरल्या जाऊबाई होत्या. स्वभावानं तोंडाळ, पण जीव लावणाऱ्या. गावात कुणी माझ्या तब्येतीचं विचारलं की त्या अभिमानानं सांगायच्या, "धाकटी आता बाटलीला शिवत बी न्हाई." पिशवीत मी देवीची हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ घेतले होते. आणि सगळ्यांच्या तळाशी, नॅपकिनात गुंडाळून, एक बाटली. उपवास आहे, चढावर गळल्यासारखं होईल, वर पोचल्यावर आडोशाला दोन घोट घेऊ, असं मी स्वतःला समजावलं होतं. पिशवी भरताना मी देवघराकडे पाठ करून बसले होते, हे मात्र मला स्वच्छ आठवतं.

वाटेत एका वळणावर जाऊबाई ओळखीच्या बाईशी बोलत थांबल्या. तेवढ्यात मी झाडामागे जाऊन दोन घोट घेतलेच. त्यांची हाक आली तशी घाईनं झाकण लावलं आणि बाटली परत साडीखाली सारली.

वर बायकांची रांग होती. मला घाम फुटलेला बघून जाऊबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "दे हिकडं, दमलीस तू. मी काढते ओटी." नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी साडी बाहेर ओढलीसुद्धा. तिच्यातून तांबूस-काळं पाणी ठिबकत होतं. झाकण नीट लागलंच नव्हतं. वाटभर हिसके बसून सगळं साडीत उतरलं होतं, तांदळाचा चिकट गोळा झाला होता. मागची एक बाई म्हणाली, "अगं बया, तेल सांडलं का काय?" जाऊबाईंनी साडी नाकाशी नेली. मग पिशवीत हात घातला आणि नॅपकिनसकट बाटली बाहेर काढली.

"ह्ये काय गं?"

"पोरांसाठी घेतलं होतं," मी म्हणाले.

आमच्याबरोबर एकही पोर नव्हतं. देवीच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून मी हे बोलले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रांगेतल्या बायका नारळाच्या शेंड्या चाचपत, पदर सारखा करत भलतीकडेच बघत होत्या. माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या.

गुरवीण म्हातारी. तिनं आतूनच सगळं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तितं टाकीवर धुऊन आन. वाळली की दे, मी नेसवते देवीला."

मी टाकीवर गेले. साडी धुतली, पिळली, करवंदीच्या जाळीवर उन्हात पसरली आणि शेजारच्या दगडावर बसले. जाऊबाई लांब पायरीवर बसून राहिल्या. मी देवीकडे जे मागायला आले होते, ते मागायला आता तोंडच उरलं नव्हतं. मग आपोआप ओठांतून निघालं, "आई, माझ्याच्यानं सुटत नाही गं." इतक्या महिन्यांत मी कुणाशी तरी खरं बोलले ते हे पहिलं वाक्य. रडू आलं, पण तेही दाबूनच.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, ह्ये रगात तुमचंच हाय का?"

एक बाई टाकीवर तांब्या भरत होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, डोक्यावर पदर. ती जमिनीकडे बोट दाखवत होती. टाकीपासून जाळीपर्यंत फरशीवर माझ्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटले होते. मी पाय वर करून बघितला. टाचेच्या पुढे चांगली खोल चीर पडली होती. देवळाच्या छपराचं काम चाललं होतं, तिथल्या पत्र्याचा तुकडा लागला असावा. कधी लागला, मला माहीत नाही. मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

"दुखत नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम बदलला. "शुगर हाय का तुमाला?"

मी हो म्हणाले. ती तांब्या घेऊन खालीच बसली आणि माझा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागले, तर तिनं घोटा घट्ट धरला. "राहू द्या वो. माज्या आईचं असंच झालं. काटा मोडला त्यो कळला न्हाई, दुखत न्हाई म्हनून दाखवलं न्हाई. पाय काढाया लागला तिचा." बोलता बोलता ती जखमेवर पाणी ओतत होती. मग तिनं स्वतःच्या ओटीतला कोरा खण उलगडला.

"अहो, देवीचा आहे तो!"

"देवीला दुसरा आनीन," ती म्हणाली आणि पाय करकचून बांधला. "आता दर्शनाला थांबू नका. खाली जावा आन् डाक्टरला दाखवा. कोन हाय तुमच्यासंगं?"

मी पायरीकडे बघितलं. तिनंच जाऊबाईंना हाक मारली. त्या आल्या, पाय बघितला आणि त्यांचा रागच गळाला. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. पेला, शपथ, रिकाम्या बाटल्या, झाडामागचे घोट. अनोळखी बाईच्या देखत सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "लई खोटी गं तू," आणि स्वतःच्या चपला काढून माझ्या पायांत सरकवल्या. उतारभर त्या अनवाणी चालल्या. देवीची साडी जाळीवरच राहिली.

पौडला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जखमेतून पत्र्याची कपची काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तुमच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, असं म्हणाले. आणखी काही दिवस हे तसंच राहिलं असतं तर पाय वाचवायला जड गेलं असतं, हेही सांगितलं. मी त्यांनाही खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर मी गोळ्या वाढवल्या नसत्या." घरी मुलाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तो जेवणावरून उठला आणि हात धुवायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही.

सोडणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस डोकं फुटायची वेळ आली. गिऱ्हाइकांवर खेकसले, सुनेवर तर विनाकारण. दुकानात थंडा ठेवावाच लागतो, म्हणून मी बसायची जागा बदलून धान्याच्या पोत्यांजवळ गेले आणि फ्रीजकडचं सुनबाई बघायला लागली. एकदा ती बाळाला घेऊन माहेरी गेली होती, तेव्हा माझा तोल गेला. अर्धी बाटली प्यायले. ती परत आल्याबरोबर तिला सांगून टाकलं. पूर्वी मी बाटली लपवली असती. हळूहळू छातीतली जळजळ थांबली, आणि तेव्हा लक्षात आलं की जिच्यावर औषध म्हणून मी पीत होते, ती त्यानंच वाढत होती. झोप सलग लागायला लागली. दुपारची मरगळ गेली. साखर उतरली, इंजेक्शन टळलं, गोळ्या अजून आहेत. पायांची जाणीव मात्र पूर्ण परतलेली नाही. डॉक्टर म्हणतात, परतेलच असं नाही. ते माझ्या करणीचं आहे, मी ते सोसते.

त्याच नवरात्रात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जाऊबाई डोंगरावर जाऊन आल्या होत्या. गुरविणीनं साडी देवीला नेसवली होती. काठाजवळ फिकट डाग दिसत होता म्हणे. ते ऐकून मी पदर डोळ्यांना लावला. माझा पाय बांधणाऱ्या त्या बाईची चौकशी मी पुढे पुष्कळ केली. गुरविणीला तिचं नाव ठाऊक नव्हतं, पलीकडच्या खोऱ्यातून बायका येतात त्यांतली असेल म्हणाली. असेलही. बाटली सांडली नसती तर मला बसावं लागलं नसतं, आणि बसले नसते तर ते ठसे गर्दीत कुणाच्या लक्षातही आले नसते. याला काय म्हणायचं ते मी ठरवू शकत नाही. मी फक्त हात जोडते.

आता दिवेलागणीनंतर सुनबाई माझ्यासमोर पाटावर बसते आणि माझे तळवे उजेडात धरून बघते, कुठे चीर पडलीय का, फोड आलाय का. मला स्वतःला ते कळत नाही, म्हणून तिनं बघायचं. अजूनही मला लाज वाटते. आपले भेगाळलेले पाय तरण्या पोरीच्या हातात द्यायचे, तिनं बोटांच्या बेचक्यात डोकवायचं. पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतले होते. आता घेत नाही. देवावर भार टाकावा असं मी जन्मभर ऐकत आले आणि दुसऱ्यांना सांगतही आले, पण भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते मला कधी उमगलं नव्हतं. ती म्हणते, "आत्या, पाय सैल सोडा." मी सोडते.