काळी गाडी पुलावर का जात नव्हती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

खाकी मी कधी घातली नाही. सातवीपर्यंत शिकले आणि साठ वर्षांची होईपर्यंत गावची पोलीस पाटील होते. काही घडलं की ठाण्याला खबर द्यायची, पंच गोळा करायचे, साहेब येईपर्यंत जमाव आवरायचा, हे माझं काम. गाव समुद्राकाठचं, बोईसरला रिक्षा जाते. नाव कोणाचंच लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.

गावातला एक माणूस कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात जर्मन गाडी शिरली. काळी, लांब, जुनी. लग्नात नवरदेवासाठी भाड्याने द्यायचा बेत होता. बोईसरचा जुन्या गाड्यांचा दलाल म्हणाला, "काका, मीटर बघू नका. जर्मन इंजिन आहे, अजून तेवढंच पळेल." नव्या छोट्या गाडीच्या पैशात ती मिळाली. मी म्हटलं होतं, "अरे, हिचा एक भाग बदलायची वेळ आली तर रडशील." त्यावर तो म्हणाला, "पाटलीनबाई, तुमाला गाडीतला काय कळतंय?"

गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पूजेसाठी देवीच्या देवळाकडे निघाली. मागे त्याची म्हातारी आई, पुढे तो, चालवायला जावई. जावई डोंगराकडचा, मासवणचा. बोईसरला कामगारांची शिफ्टची बस चालवायचा, दारूला शिवत नसे. खाडीच्या पुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. समोर माणसं होती, म्हणून त्याने गाडी रस्त्याखाली घातली. ती बोंबील वाळवायच्या बांबूंत घुसली. म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं.

गावाने निकाल तिथेच दिला. "डोंगराकडचा बसवाला, त्याला असली गाडी काय झेपणार!" सासराही तेच बोलू लागला. गाडी वाईट निघाली तर घेणारा मूर्ख ठरतो. त्याला मूर्ख ठरायचं नव्हतं. जावई गुन्हेगार ठरला तर चालणार होतं. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. बसच्या ठेकेदाराने जावयाला सांगितलं, "केस मिटव, मग ये." परवाना गेला असता तर त्या माणसाच्या हाताला दुसरं काम नव्हतं.

मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली. ब्रेकचे पॅड धातूपर्यंत झिजलेले. ते झिजले की चालवणाऱ्यासमोर दिवा लागतो. तो लागू नये म्हणून वायर कापून परस्पर जोडलेली. दलालाला ठाण्यात बोलावलं. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "आधीच्या मालकाने केलं असेल साहेब. मी काय गाडीखाली झोपून बघतो?" एका दिवसात पॅड झिजत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं, पण दलालाला ते आधीपासून ठाऊक होतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

खबर माझ्या ओट्यावर आली. गावातल्या एका मासळीवालीची सून. "पाटलीनबाई, सासू जेवत नाय. त्या गाडीचा तिला कायतरी ठाव हाय. मी सांगितला असा बोलू नका."

ही मासळीवाली बोईसरला त्या दलालाच्या समोरच बसते. एरवी तिचा आवाज पलीकडच्या आळीत जातो. मी तिच्या घरी गेले तेव्हा खाली मान घालून टोपली धूत होती.

"काय बघितलंस?"

"काय नाय."

"मग भाकरी का उतरत नाही घशाखाली?"

टोपली धुऊन झाली होती, तरी ती धूतच राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक आला का बाकीच्या गाड्या तो रेल्वेच्या पुलावरून फिरवून आणायचा. ही काळी तेवढी सपाट रस्त्याला. एकदा त्याचा माणूस पुलाकडं वळवत होता, तं त्याच्यावर केवढा वरडला."

"आणि तुझ्या शेजाऱ्याने तीच घेतली तेव्हा तू कुठे होतीस?"

"तितंच."

"तोंड शिवलं होतं?"

"रोज सकाळी माझी भवानी तोच करतो, पाटलीनबाई. पहिला पापलेट त्याचा. ज्याचा पैसा कपाळाला लावून धंदा सुरू करते, त्याचा धंदा कसा मोडू?"

तिच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. म्हातारी हिला लहानपणापासून ओळखते. जावई हिच्या टोपल्या रिक्षातून उतरवून द्यायचा. आणि हिने इमान राखलं ते पहिल्या गिऱ्हाइकाशी! मी म्हटलं, "उद्या ठाण्यात येतेस की ओढत नेऊ?"

आली. रिकामी टोपली घेऊन दाराशी बसली. आत साहेबांनी दलालाला विचारलं, "काळी गाडी पुलावर का नेत नव्हतास?"

"ट्रॅफिक असतो, साहेब."

"बाकीच्या गाड्यांना नसतो?"

तेव्हा त्याची नजर दाराकडे गेली. त्याने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "मौसी, रोज तेरी बोहनी कौन करता है?"

साहेब काही बोलायच्या आत ती उठली. "तूच करतोस! म्हणून तं गप बसले! म्हातारीची तंगडी मोडली तुझ्या बोहनीपायी. लिवा साहेब, मी बोलते ता लिवा!"

जबाब लिहून होईपर्यंत दलाल दोनदा पाणी प्यायला. संध्याकाळी त्याने वायर जोडणाऱ्या मेकॅनिकचं नाव दिलं. मेकॅनिकने सरळ सांगितलं, पॅड महाग पडतात म्हणून दलालानेच वायर जोडायला लावली. दलालावर फसवणुकीचा गुन्हा लागला. जावई सुटला, बसवर परत गेला. सासऱ्याने त्याची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हातारी काठीवर आली ती काठीवरच राहिली.

जुनी मोठी गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण विकणारा जिथे नेत नाही, तिथे ती आधी घेऊन जा. माणसांचंही मी तेच शिकले. ठाण्यात खोटं बोलणारे मला कमी भेटले. ते सापडतातही लवकर. चांगल्या कारणासाठी गप्प बसलोय असं वाटणारे सापडत नाहीत, आणि माणसं त्यांच्यामुळे मोडतात.

जबाबाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोईसरला गेले होते. दलालाचं दार बंद होतं. समोर ती भरलेली टोपली घेऊन बसली होती, एकही मासा हललेला नव्हता.

"पापलेट कसे?"

तिने भाव सांगितला. मी कमी करायला सांगितलं.

"नाय परवडत."

मी शिव्या घालत तिच्याच भावाने दोन घेतले. तिने नोट कपाळाला लावली. माझा राग तेव्हा गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही.