हलता दात, अर्धा इंच आणि लांबची बाई

माझ्या खोलीच्या बरोबर खाली पडदेवालीचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे. एकवीस वर्षं ती एकटीच मापं घेते, कापते, शिवते आणि शिडीवर चढून पडदे लावूनही देते. साठी उलटली, पण शिडीवर अजून कुणाचा हात धरत नाही.

तिचं वैर फक्त फोनशी. मशीन चालू असताना फोन उचलला की शिवण वाकडी जाते. नाही उचलला तर गिऱ्हाईक जातं. मार्चमध्ये ती फोन मानेत धरून कात्री चालवत होती. फोनवरच्या बाई आपल्या खिडकीचं माप सांगत होत्या, आणि ते माप उतरलं टेबलावरच्या भलत्याच कापडावर. कुणाच्या तरी बैठकीचे पडदे गुडघ्यापर्यंत आले. नऊ मीटर कापड वाया.

हे कळल्यावर मुलगा आणि सून दुसऱ्याच दिवशी हजर.

"आई, पुरे झालं. दुकान बंद कर आणि आमच्याकडे चल," मुलगा म्हणाला.

"तुमच्याकडे येऊन काय करू? भिंतीला टेकून उभी राहू, ताग्यासारखी?"

तोडगा सुनेने काढला. "आई, तुम्ही एक व्हर्च्युअल असिस्टंट ठेवा. म्हणजे दुसऱ्या गावात आपल्या घरी बसलेली बाई. तुमचे फोन ती घेईल, निरोप पाठवेल, तारखा ठरवेल."

"तोंड न बघता माणूस ठेवायचं?"

"तोंड बघून ठेवलेली मागची मदतनीस दीड दिवसात पळाली, आई."

मुलाने मात्र अट घातली: एक महिना बघायचं. तेवढ्यात फोनपायी एक जरी गिऱ्हाईक तुटलं, तर दुकानाला कुलूप. तिने खाली सगळ्यांसमोर झोकात मान डोलावली. मग वर येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि डोळ्याला पदर लावला.

"ताई, मला दुसरं काही येतच नाही हो."

सुनेने शोधलेल्या या लांबच्या बाईंनी दोन तारखेपासून काम सुरू केलं. पंधरा वर्षं त्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होत्या. आता आई अंथरुणाला खिळल्यामुळे घरून काम करायच्या. आवाज असा ठाम, की ऐकणारा आपोआप रांगेत उभा राहावा. त्यांनी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांची यादी मागितली. पडदेवालीने वहीच्या पानापानाचे फोटो काढून पाठवून दिले आणि निर्धास्तपणे मशीनवर बसली.

आता या वहीविषयी सांगायला हवं. पडदेवालीला नावं लक्षात राहत नाहीत, खोडी राहतात. त्यामुळे प्रत्येक फोन नंबरापुढे तिने खोड लिहून ठेवलेली: तिरकी खिडकी. कुत्रा चावतो. हो-नाही बाई. हलता दात. हा शेवटचा म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखान्याच्या बारा पडद्यांची ऑर्डर देऊन त्यांनी तीन वेळा रंग बदलला होता. महिन्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर तीच.

सोमवारी सकाळी दहाला माझ्या फोनवर निरोप आला: "नमस्कार, अर्धा इंच. आपले पडदे वेळेवर मिळतील. कळावे."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीन वर्षांपूर्वी मी एक पडदा आखूड म्हणून परत केला होता. तो अर्धा इंच आखूड होताच. माझ्या डायरीत माप आहे.

जिना उतरून गेले तर पडदेवाली डोक्याला हात लावून बसलेली. टेबलावरच्या फोनमधून लांबच्या बाई बोलत होत्या.

"मॅडम, मला वाटलं, तुम्ही गिऱ्हाइकांना लाडाने असंच म्हणता."

"'कुत्रा चावतो' हे लाडाचं?"

"तिथे मी जरा थांबले होते, मॅडम." मग आवाज खाली आला. "त्रेचाळीस जणांना गेलंय. चूक माझी आहे. आजच काम सोडते."

"वही माझी, अक्षर माझं, आणि सोडणार तू? बस जागेवर!"

तेवढ्यात दातांचे डॉक्टर दारात. हातातला फोन पुरावा धरावा तसा पुढे धरलेला.

"मी हलता दात?"

पडदेवाली उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही माफी मागणार.

"डॉक्टर, आधी पांढरा, मग पिस्ता, मग राखाडी, मग परत पांढरा. तुम्हीच सांगा, काय लिहायचं होतं?"

डॉक्टरांनी ओठ आवळले. हे गिऱ्हाईक गेलं तर कुलूप ठरलेलंच. पण ते आवळलेले ओठ हसू दाबण्यासाठी होते.

"माझी बायको सकाळपासून मला याच नावाने हाक मारतेय," ते खुर्चीवर टेकत म्हणाले. "तिचं म्हणणं, इतकं अचूक निदान कुणी केलं नव्हतं. बरं, निळा करा. की हिरवा? नाही म्हणजे, हिरवा जरा..."

"निळा," टेबलावरचा फोन म्हणाला. "लिहून घेतलं, डॉक्टर. बारा पडदे, निळे, गुरुवारी संध्याकाळी पाच. आता बदल होणार नाही."

डॉक्टर फोनकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले, आणि उठून गेलेसुद्धा.

बाकी गिऱ्हाइकांपैकी हो-नाही बाई दोन दिवस रुसल्या, मग स्वतःच विचारायला आल्या, की वहीत शेजारणीचं काय लिहिलंय. कुत्र्याच्या मालकाने कळवलं, की कुत्रा आता बांधून ठेवतो. तुटलं कुणीच नाही. लांबच्या बाईंनी नवी यादी केली. खरी नावं निरोपासाठी, खोडी फक्त दोघींच्या माहितीसाठी.

महिना भरला त्या दिवशी दुपारी मुलाचा मला फोन.

"काकू, आई दुकान बंद करतेय का, तेवढं सांगा ना."

"तिलाच विचार की."

"दोनदा केला फोन! त्या बाई म्हणतात, मॅडम शिलाईवर आहेत, काम काय ते सांगा. मुलगा आहे म्हटलं, तर म्हणाल्या, चारनंतर करा."

खालून मशीनचा आवाज एकसारखा येत होता.

"मग चारनंतर कर," मी म्हटलं.