साडेनऊ वेळा कैलासवासी

आमच्या माळ्यावर स्टीलचे दहा तांबे आहेत. त्यातल्या नऊ तांब्यांवर मी पूर्ण मेलोय आणि दहाव्यावर अर्धा.

(मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. हे मी मोबाईलसमोर बोलतोय आणि तो लिहितोय. शुद्धलेखनाची तक्रार त्याच्याकडे करा.)

माझे बाबा, गणपत धोंडू परब, मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी साचे घासायचे. त्याला हातात धरायचा एक ग्राइंडर असतो. लांबीला काकडीएवढा, टोकाला बोराएवढा दगड. दिसायला गरीब! पण बटण दाबलं की दगड असा गरगरतो की दिसतच नाही, नुसता आवाज. बाबा त्याला 'भुंगो' म्हणायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःचा भुंगा आणला, बिस्किटाच्या डब्यात पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि अख्ख्या बिल्डिंगच्या भांड्यांवर नावं कोरायला लागले. लग्न असो, बारसं असो, भांडी आली की पहिली आमच्याकडे. अक्षर म्हणजे मोती! दुकानातलं कोरीव काम बघितलं की बाबा तोंड वाकडं करायचे, "ह्या नाव काय? कोंबडी नाचून गेली!"

त्यांचा अभिमान एकच. दोन्ही पंजे आमच्यासमोर पसरायचे, "छत्तीस वर्सां भुंगो चालवलंय. धाच्या धा बोटां आसत बघ!" पाहुणा नवा असला तर त्याला मोजायला लावायचे.

आणि नियम! सैल कपडा नको. हातमोजा नको, दगडाने मोजा ओढला की हातपण जातो. डोळ्यावर चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा पाहिजेच. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू, आवळून धरायचा, मांडीत नाही. दगड बदलायचा तर आधी बोर्डातली पिन काढायची. आणि चाक पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवायची नाही. आमच्या घरात शुभंकरोती नव्हती, हे होतं. भुंगा सुरू असताना आई बाजूला बसायची, एक हात पिनेवर. "पिन काढ" म्हटलं की काढायची. कारखान्यात गेली असती तर सुपरवायझर झाली असती.

मला मात्र भुंगा बंद. कारण सांगतो. अठराव्या वर्षी बाबा मला कारखान्यात घेऊन गेले. पहिलाच दिवस. मी दगड बसवला, पान्याने आवळला, पाना तिथेच ठेवला आणि बटण दाबलं. पाना उडाला तो सरळ साहेबाच्या चहाच्या कपात! कप गेला, साहेबाचा शर्ट गेला, माझी नोकरी गेली. तिन्ही एकाच सेकंदात.

बाबा मला घेऊन घरी आले. दारात आल्यावर एवढंच बोलले, "रमेश, तू टेम्पो चालव. त्याका चार चाकां आसत, पण ती तरी तुका दिसतत."

म्हणून मी टेम्पो चालवतो. सामान हलवायचा. आणि माझी दुसरी ख्याती म्हणजे उशीर. शाळेला उशीर, लग्नाला उशीर (माझ्याच!). बाबा म्हणायचे, "तू तुझ्या बारशाक सुद्धा उशिरान इलेलंस!"

बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी भांडुपला होतो. बायकोचा, सुनंदाचा फोन आला, "अहो, हॉस्पिटलात या लवकर."

मी बोललो, "एवढा एक फ्रिज चढवतो नि आलोच."

फ्रिज चौथ्या मजल्यावर पोचला. मी नाही पोचलो.

घरी आणल्यावर लोक बाबांच्या पाया पडत होते. मी बोटं मोजत होतो. दहाच्या दहा.

आई रडली नाही. बोललीपण नाही. बाबांचा शर्ट लटकतो त्या खुंटीखाली भिंतीला टेकून बसली ती बसलीच. सुनंदाने भात पुढे केला तर दोन घास खायची, ताट सरकवायची. शेजारच्या बायका तिला हलवायच्या, "रड गं बाय, मोकळी हो." ती त्यांच्याकडे अशी बघायची, जशी त्या रॉंग नंबर आहेत. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. सुनंदा मला किचनमध्ये घेऊन हळूच बोलली, "अहो, मला भीती वाटते. बाबांच्या मागोमाग आई पण जातील."

मला काय सुचणार? मी फ्रिज चढवणारा माणूस.

आमच्यात तेराव्याला पाहुण्यांना आठवण म्हणून एकेक तांब्या द्यायची पद्धत आहे. काकाने अकरा तांबे आणले आणि बोलला, "दुकानवाला संध्याकाळपर्यंत नाव घालून देईल."

आणि माझ्यातला शूरवीर जागा झाला!

"काका, माझ्या बापाचं नाव कोंबडी लिहिणार? भुंग्याने लिहायचं. मी लिहिणार."

काका घाबरला. "तू? अरे, तुला लिहिता कुठे येतं?"

बरोबर आहे. मला एकच गोष्ट लिहिता येते, माझी सही. लायसन्ससाठी सुनंदाने महिनाभर गिरवून घेतलेली. 'रमेश गणपत परब.' ती मी झोपेत करतो. बाकी अक्षरं मला ओळखीची वाटतात, पण नावं आठवत नाहीत, लग्नात भेटणाऱ्या नातेवाईकांसारखी.

सुनंदाने चिठ्ठी लिहून दिली, 'कै. गणपत धोंडू परब.' बोलली, "चित्र काढल्यासारखं बघून बघून उतरवा. पुढचं 'स्मरणार्थ' वगैरे राहू दे, तुमच्याने व्हायचं नाही."

बारावा दिवस. दुपारी सगळे आडवे झाले. मी अंगणात, म्हणजे आमच्या घरापुढच्या पॅसेजमध्ये, दुकान मांडलं. वायर दारातून आत नेऊन पिन घरातल्या बोर्डात खुपसली. डबा उघडला. पिवळ्या फडक्याला अजून बाबांच्या तपकिरीचा वास. डोक्यावर केस नव्हते, परवाच काढलेले, म्हणजे केस अडकायची भीती नाही. एक नियम आपोआप पाळला! चष्मा लावला. दुसरा नियम. हातमोजे माझ्याकडे नव्हतेच. तिसरा! मी मनात म्हटलं, बाबा, बघा, पोरगा सुधारला.

(लुंगी, आणि खांद्यावर सुतकातला लांबलचक पंचा. सैल कपड्याचा नियम त्यावेळी कुठे गेला होता, मला माहीत नाही. तांब्यापण मी मांडीतच धरलेला.)

आई उघड्या दारातून मला दिसत होती. तिथेच, खुंटीखाली.

पहिला तांब्या चिठ्ठीत बघून केला. एक अक्षर कोरायचं, भुंगा बंद करायचा, चिठ्ठी बघायची. 'ग' खेकड्यासारखा झाला, 'धों' तांब्याच्या पोटावरून घसरून बुडाकडे गेला. पण झालं! चिठ्ठीशी जुळत होतं! मग मी डोकं चालवलं. बाबा म्हणायचे, एकसारखे जॉब असले की एकेक काम सगळ्यांवर उरकायचं. म्हणून उरलेल्या दहाच्या दहा तांब्यांवर मी आधी नुसतं 'कै.' घालून घेतलं. झकास! लाईनीत दहा कै. उभे.

आता नाव.

आणि तिथे वाट लागली. भुंग्याचा तो आवाज. लहानपणी दुपारी झोपायचो ना, तेव्हा हाच आवाज कानात असायचा. आवाज आहे म्हणजे बाबा घरात आहेत. कधी डोळे भरले मला कळलं नाही. आणि यार, त्या चष्म्याची एक गोष्ट कोणी सांगत नाही. तो बाहेरून काही आत येऊ देत नाही, पण आतलं पाणी बाहेरपण जाऊ देत नाही! आत वाफ धरली. चिठ्ठी दिसेना, तांब्या दिसेना. चष्मा काढू? नियम नाही! म्हणून मी बाबांचा नियम पाळून आंधळ्यासारखा कोरत बसलो. बारा दिवस लोकांसमोर रडलो नव्हतो, ते सगळं तिथे चष्म्याच्या आत रडून घेतलं. हात आपला आपण चालत होता. एवढा छान चालत होता की मला वाटलं, बाबाच धरून चालवतायत.

बाबा कसले? सही चालवत होती.

दहाव्या तांब्यावर आलो. नाक पुसायला पंचा ओढला. भुंगा चालूच! पंच्याचं टोक दगडाला लागलं आणि भुंग्याने पंचा गिळायला सुरुवात केली. घर्र... घर्र... पंचा माझ्या मानेभोवती, भुंगा पंच्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि आमच्या दोघांमधलं अंतर कमी होतंय! मी मागे, तांब्या पुढे, लुंगीचं तर विचारूच नका. बटण सापडेना. बोराएवढा दगड टोमॅटोएवढा दिसायला लागला.

"आधी पिन काढ रे मेल्या! पिन!"

आवाज घुमला आणि भुंगा गप्प झाला. बारा दिवस न उठलेली आई उंबऱ्यात उभी होती. हातात पिन.

"तुझ्या बापाशीन किती येळा सांगल्यान? गळ्यात कापड घालून मशिनीक हात लावू नको म्हणान! आणि मांडीत? जॉब मांडीत?"

मी पंचा गळ्यात तसाच घेऊन बसलो. मान हलत नव्हती. "आये, चाक थांबलं का बघ. थांबल्याशिवाय खाली ठेवायचं नाय ना."

"थांबला!" आई ओरडली. "सगळा थांबला!"

आणि मग ती हातातल्या पिनेकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते तिने स्वतःच ऐकलं असणार.

आवाजाने काका उठून आला. माझा अवतार बघून कपाळावर हात मारला, "जित्याची खोड मेल्याशिवाय..." आणि त्याचं लक्ष लाईनीत ठेवलेल्या तांब्यांकडे गेलं. त्याने एक उचलला. वाचला. दुसरा वाचला. पुढची म्हण त्याने गिळून टाकली.

आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने काकाच्या हातून तांब्या घेतला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "कै... रमेश... गणपत... परब."

मी चष्मा काढला. तांबे बघितले. नऊ तांब्यांवर मी गेलेलो. दहाव्यावर 'कै. रमेश गण', तिथे पंचा अडकला म्हणून वाचलेलो.

"ह्या काय लिवलंस?" आईचा आवाज फाटला. "एक गेलो तो पुरो नाय झालो? आता तू खंय निघालस?"

आणि ती रडली. तांब्या छातीशी धरून, पॅसेजमध्येच फतकल मारून, सगळी बिल्डिंग जागी होईल अशी. मी तिच्या बाजूला सरकलो (उठता येत नव्हतं, लुंगी नव्हती). माझ्या तुळतुळीत डोक्यावरून ती हात फिरवत राहिली, मधेच एक चापट मारत राहिली. सुनंदा धावत आली. तिला कळेना, सासू रडते म्हणून आनंद करायचा की नवरा असा बसलाय म्हणून दार लावायचं.

संध्याकाळी आईने पहिल्यांदा भात मागून घेतला.

तेराव्याला द्यायला काका नवे तांबे घेऊन आला. नाव दुकानवाल्यानेच घातलं. कोंबडी नाचून गेली. बाबा, माफ करा.

पहिला खेकड्याचा 'ग' असलेला तांब्या आईने ठेवून घेतला. त्यातूनच पाणी पिते. भुंगा परत पिवळ्या फडक्यात गेला, आणि डब्याची चावी तिच्या कमरेला. एक गोष्ट बदलली. जन्मभर ती मला मेल्या म्हणत आली, "मेल्या, जेवलंस?" "मेल्या, इतको उशीर?" त्या दिवसापासून तिने तो शब्द तोंडातून काढलेला नाही. आता सरळ रमेश म्हणते. मला कसंतरीच होतं.

दहा तांबे मोडीत द्या, असं सुनंदा रोज सांगते. मी देत नाही. कधी ना कधी लागणारच आहेत. बारशाला उशीर, लग्नाला उशीर, बाबांना उशीर. आयुष्यात हे एकच काम मी वेळेच्या आधी करून ठेवलंय. दहाव्यावर 'पत परब' तेवढं घालायचं राहिलंय. ते कोंबडीकडून घालून घ्या.