पांढऱ्या घोड्याच्या कपाळावरचं कुंकू

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला म्युझियमच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत चित्रातल्या पांढऱ्या घोड्याच्या कपाळाला लावलं. टाळ्या वाजल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरातल्या एका म्युझियममध्ये रिस्टोरर होतो, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणारा. एकोणिसाव्या शतकातल्या एका पोलिश चित्रकाराची आयुष्यभराची निवडक चित्रं आमच्याकडे आली होती, तीही अस्सल. मुंबईतल्या प्रदर्शनानंतर ती तिथूनच पोलंडला परत जायची होती. पोलिश म्युझियमतर्फे सोबत आलेल्या हेलेनाबाईंनी हट्टानं इकडे वळवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परागंदा झालेली पोलिश कुटुंबं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात राहत. बाईंचं लहानपण तिथलं. पण करार कडक होता. एका चित्राला इजा झाली, तरी सगळी पेटीबंद करून परत.

"साहेब, हे काय केलंत?" मी अध्यक्षांना विचारलं.

"काय म्हंजे? नव्या गाडीला कुंकू लावतोयच की. ह्यो तर घोडा हाय!"

माणूस दिलदार, पण त्यांना काय समजावणार! बाईंनी सगळ्यांना चहाला बाहेर पाठवलं.

तैलचित्रावर शेवटी वॉर्निशचा पारदर्शक थर देतात. कुंकू त्यावरच थांबलं असेल तर वाचलो. थराला तडा असेल, तर लाल रंग आत उतरून कायमचा बसणार. मी भिंग लावलं. तडा होता, पण कानाजवळ. कपाळ शाबूत होतं.

"काढा," बाई म्हणाल्या. त्यांचं मराठी वळिवड्याच्या बाजारातलं. "ह्ये तुमचं रोजचं काम हाय. तुमीच करा."

काडीला कापूस गुंडाळला आणि जिभेवर ओला केला. हसू नका. थुंकी कोमट असते, मळ अलगद सोडवते. आमच्या धंद्यात ती सर्रास वापरतात. कापूस घासायचा नाही, नुसता फिरवायचा. काड्या लाल होत गेल्या, मग गुलाबी, शेवटी पांढऱ्या. बाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

"रिपोर्टात काय लिहिणार?" मी भीत भीत विचारलं.

"झालं तेच. कुंकू लागलं, निघालं, चित्राला काय बी झालं न्हाय." मग दारात घुटमळणाऱ्या अध्यक्षांना म्हणाल्या, "दादा, राग न्हाय. पर घोड्याला परत हात लावू नगा."

अध्यक्षांनी कान पकडले. लोकांसाठी दार उघडलं. चंदगडहून एसटीनं आलेले एक ड्रॉइंग मास्तर आत शिरले आणि पहिल्याच चित्रापाशी खिळले. अस्सल तैलचित्र ते प्रथमच पाहत होते.

त्या दिवशी बाई पेट्या भरून निघून गेल्या असत्या, तर कोणी नावं ठेवली नसती. त्या राहिल्या, आणि काम माझ्या हाती दिलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक उद्घाटनाला मी दाराशी एक रिकामी फ्रेम ठेवत गेलो. 'कुंकू लावू नये' ही पाटी कोल्हापुरात कोणी वाचत नाही. कुंकू लावायला ती फ्रेम दिली, की चित्रं सुखरूप राहतात.